उंबऱ्याबाहेर उभे राहणारे कांबळे वकील

कांबळे वकिलांकडे नवा पक्षकार आला की ते त्याला ‘बसा’ म्हणायच्या आधी पाणी देत. बाररूममध्ये माठ होता, बाहेर नळ होता, पण ते पाणी नाही. टेबलाच्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा पितळी तांब्या असे, घरून भरून आणलेला. ते भांडं भरत, पुढे सरकवत, चष्मा कपाळावर ढकलत आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. पक्षकार कागलचा असो नाहीतर गारगोटीचा, बागायतदार असो नाहीतर रोजगारी. जो गटागटा पाणी पिई त्याचं वकीलपत्र घेतलं जाई. जो भांड्याला नुसता हात लावून ‘आत्ताच पिऊन आलोय’ म्हणे, त्याला ते अगदी गोड आवाजात दुसऱ्या कुणातरी वकिलाचं नाव सांगत. बऱ्याचदा ते नाव माझं असे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापूरच्या कोर्टात आले तेव्हा माझी वकिली अशी कांबळ्यांच्या पाण्याला न शिवणाऱ्या लोकांवर उभी राहिली, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. पहिल्याच दिवशी माझ्यापुढेही भांडं आलं. मी प्यायले. त्यांनी विचारलं, “तहान लागलीती म्हणून प्यायलासा, का मी दिलं म्हणून?” मी म्हटलं, दोन्ही. हे उत्तर त्यांना काही पटलं नाही. दोन-तीन दिवसांनी, मी नुकताच चहा घेतलेला असताना, त्यांनी मुद्दाम पुन्हा पाणी दिलं. तेही मी संपवलं.

असा हा माणूस. बुटका, कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर, खुर्ची कायम भिंतीला टेकलेली, म्हणजे मागून कुणी कागद वाचायला नको. आज न्यायाधीश म्हणून कोणते साहेब बसलेत हे ते तिघांना वेगवेगळं विचारत आणि तिघांनी एकच उत्तर दिलं तर जास्तच अस्वस्थ होत. कुणी मुलगा पास झाला म्हणून पेढा दिला तर तो अर्धा मोडून आधी देणाऱ्यालाच खायला लावत. आणि प्रत्येक गोष्टीवर त्यांचा एकच प्रश्न असे, “यात मेख कुठं हाय?” सरकारनं वकिलांना काही सवलत जाहीर केली, मेख कुठं हाय? समोरच्या पार्टीनं तडजोडीला होकार दिला, मेख कुठं हाय? त्यांच्या पत्नी शाळेत शिक्षिका होत्या. त्या सांगत की मुलगी पसंत आहे असं कळवायला हे घरी आले, तेव्हा बाईंच्या वडिलांनी लगेच होकार दिला, तर हे त्या वडिलांनाच म्हणाले, एवढ्या लवकर होय म्हणालात, यात मेख काय? लग्न मोडता मोडता राहिलं. बाररूममध्ये त्यांना पाठीमागे सगळे मेख वकील म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि हे नाव कुणी ठेवलं याचा शोध ते वर्षानुवर्षं घेत होते.

आता एवढा संशय घेणाऱ्या माणसावर कुणी संशय घेऊ नये अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. जशास तसं या न्यायानं अख्ख्या बारचा त्यांच्यावर संशय होता. आणि तो साधासुधा नव्हता. कांबळे मुंबईचे हस्तक आहेत, असा होता.

याचा उलगडा करायचा तर आमच्याकडची न्यायाची वाट कशी होती ते सांगायला हवं. आजरा-भुदरगडातल्या माणसाचं भांडण गावाकडच्या तालुक्याच्या कोर्टात सुरू होई. तिथं हरला की तो अपिलाला कोल्हापुरात येई. कोल्हापुरात हरला की मुंबई. आणि मुंबई म्हणजे सगळंच हातातून जाणं. इथल्या वकिलानं कागद बांधून तिथल्या वकिलाकडे द्यायचे, तिथल्या वकिलानं पक्षकाराचं तोंडही बघितलेलं नाही, गाव कुठं आहे हे त्याला नकाशात सापडायचं नाही, आणि पक्षकारानं इथं बसून नुसतं ‘आमचं काय झालं’ म्हणून विचारत राहायचं. नागपूरला खंडपीठ, औरंगाबादला खंडपीठ, पणजीला खंडपीठ, मग कोल्हापुरानं काय घोडं मारलंय, हा आमचा सवाल होता आणि तो रास्त होता. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले वकीलही आमच्याबरोबर होते. मागणीसाठी आम्ही कोटाला लाल फिती लावत होतो, मोर्चे काढत होतो, आणि ठरलेल्या दिवशी कामकाजापासून अलिप्त राहत होतो. म्हणजे कोर्ट चालू, न्यायाधीश खुर्चीवर, पण वकील एकही आत जाणार नाही.

कांबळे वकिलांनी लाल फीत कधीही लावली नाही. एकदाही नाही. विरोधही करत नसत. मोर्चात शेवटी चालत, घोषणा देत नसत, आणि कुणी फीत पुढे केली तर ती उलटसुलट करून बघत आणि परत देत. त्यात त्यांच्या मुंबईच्या फेऱ्या. बाकीचे वकील कागद पाठवून मोकळे होत. हे स्वतः उठून जात. तिथल्या वकिलानं ‘तुमचं प्रकरण बोर्डावर आहे’ असं कळवलं की ते खरंच त्या दिवशीच्या यादीत, म्हणजे बोर्डावर, आहे का हे बघायला हे मुंबईत हजर. एकदा माझंही काम होतं म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. हायकोर्टाच्या त्या उंच दगडी व्हरांड्यात हे खांबाच्या आड उभे राहून आपल्याच वकिलावर पाळत ठेवत होते. प्रकरण बोर्डावर नव्हतं. मुंबईच्या वकिलानं आम्हाला बघितलं आणि हसून म्हणाला, कांबळे, तुमचा माझ्यावर विश्वासच नाही. कांबळे म्हणाले, नाही. आणि त्याला आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. तो प्यायला. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, माणूस वाईट न्हाय, पर त्याला आपलं गाव कोकणात हाय असं वाटतंय.

बारमध्ये मात्र हिशेब सरळ होता. जो मुंबईला एवढा जातो त्याचं तिथं काहीतरी असणार. इथं खंडपीठ आलं तर त्याचं दुकान बंद होणार. म्हणून फीत नाही. या तर्काला मी तरी त्या वेळी काही उत्तर देऊ शकत नव्हते, आणि कांबळे तर देणारच नव्हते. उलट ‘माझ्यावर संशय घेत्यात म्हंजे अजून डोकी जाग्यावर हाईत,’ असं ते समाधानानं म्हणत.

अशात अंजनाबाई आली.

गारगोटीच्याही पलीकडच्या एका खेड्यातली, पन्नाशीकडे झुकलेली बाई. नवरा वारला आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत दिरानं दावा लावला की राहतं घर माझं आहे, भावाला नुसतं राहायला दिलं होतं, तर भावजयीनं आता ते मोकळं करून द्यावं. गारगोटीच्या कोर्टात निकाल दिराच्या बाजूनं लागला. मुलंबाळं नव्हती, माहेरचं कुणी उरलेलं नव्हतं. ते घर गेलं तर तिला रात्रीला टेकायला दुसरी जागा नव्हती. अपिलासाठी ती गावाहून गारगोटी आणि गारगोटीहून बिद्रीवरून कोल्हापूर असा एस.टी.चा प्रवास करून, उभ्यानं आलेली. कांबळ्यांनी पाणी पुढे केलं. तिनं भांडं संपवलं आणि तांब्याच उचलून, ओठ न लावता वरूनच, अख्खा रिकामा केला.

कांबळे माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “ही तहानेनं प्यायली. ह्यो पुरावा होत न्हाय.”

पुढच्या तारखेला त्यांनी तिला पुन्हा पाणी दिलं, त्याच्या पुढच्या तारखेलाही. तिला वाटे वकील मायाळू आहेत. तिच्यावरही त्यांचा पुरता विश्वास नव्हता. ही बाहेरच्या बाहेर दिराशी तडजोड करील, कुणीतरी हिला घाबरवून अंगठा घेईल, असं त्यांना कायम वाटे. पण काम त्यांनी चोख केलं. अपील दाखल झालं आणि घराचा ताबा घ्यायला स्थगिती मिळाली. ही स्थगिती कायमची नसते. ती पुढच्या तारखेपर्यंत असते. त्या तारखेला वकिलानं उठून ‘पुढे चालू ठेवा’ म्हणायचं, साहेबांनी मान हलवायची, आणि माणसाचं घर पुढच्या तारखेपर्यंत माणसाचं राहायचं.

दिराचे वकील होते मानेसाहेब. उंच, भारदस्त, घोषणा दिली तर रस्त्यापलीकडचे लोक वळून बघत. खंडपीठाच्या मागणीत ते सगळ्यांत पुढे असत आणि मनापासून असत, हे मला सांगितलंच पाहिजे. कांबळ्यांचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. माने प्रत्येकाच्या खांद्यावर हात टाकत, आणि कांबळ्यांना खांद्यावर हात पडला की आधी खिसे चाचपायची सवय.

अलिप्ततेच्या दिवसाचा आमच्याकडे एक रिवाज होता. वकील आत जाणार नाहीत, पण साहेबही त्या दिवशी कुणाच्या विरुद्ध हुकूम करणार नाहीत. पुकारा होई, कुणी उठत नसे, सगळ्यांना पुढची तारीख पडे आणि ज्याची जी स्थगिती असेल ती आपोआप पुढे चालू राही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण सूर्य पूर्वेला उगवतो हे तरी कुठं लिहिलेलं असतं? आम्ही सगळे त्याच्यावर निर्धास्त होतो. गावाकडचे पक्षकार मात्र त्या दिवशीही येत, कारण त्यांना कळवणार कोण. ते दिवसभर आवारात बसून भाकरी खात आणि तारीख ऐकून परत जात.

कांबळे निर्धास्त नव्हते. अलिप्ततेचा दिवस ठरला की आदल्या दिवसांत ते आपल्या पक्षकारांना निरोप धाडून बोलावून घेत आणि आवारातल्या लिंबाखाली त्यांची तालीम घेत. स्वतः माझ्या स्कूटरच्या सीटवर साहेब होऊन बसत, कपाळाला आठ्या घालत, आणि समोर अंजनाबाई हात जोडून उभी.

“तुमचे वकील कुठायत?” साहेब दरडावून विचारत.

“संपावर हाईत,” अंजनाबाई सांगे.

मग साहेबांचे परत कांबळे होत. संप म्हणायचं न्हाय, अलिप्त म्हणायचं. तिला तो शब्द येत नसे. शेवटी तिनं स्वतःचं वाक्य तयार केलं, “त्यांचं त्यांच्यात काय चाललंय त्ये चालू द्या सायेब, माझं घर माझ्यासंगं हाय.” कांबळ्यांना ते पसंत पडलं, पण तसं त्यांनी तिला सांगितलं नाही. पुढचं तेवढं पाठ करून घेतलं: माझी स्थगिती हाय, ती पुढच्या तारखेपत्तर चालू ठेवा. मधेच ते ओरडून तिला गोंधळवत, दुसरंच काहीतरी विचारत, खोटा शिपाई होऊन ‘चला बाई, बाजूला व्हा’ म्हणत. ती घामाघूम होई, पण हटत नसे. जाणारेयेणारे वकील हसत. काही हसतही नव्हते. हा माणूस पक्षकारांना पुढे करून अलिप्तता मोडतोय, मागच्या दारानं काम करतोय, असं बोललं जायला लागलं. माने एकदा लिंबाखाली थांबून म्हणाले की कांबळे, रिवाज आहे ना आपला, मग ही नाटकं कशाला? कांबळ्यांनी विचारलं, रिवाज मोडला तर अपील कुठं करायचं? माने हसून पुढे गेले.

तो दिवस मला चांगला आठवतो. नव्वदीचं दशक संपत आलेलं. फाटकाशी आमच्या घोषणा चालल्या होत्या. मी काहीतरी विसरलं म्हणून आत आले, तर व्हरांडा रिकामा आणि एका कोर्टाच्या दारात कांबळे एकटे उभे. हात पाठीमागे, बुटांची टोकं उंबऱ्याला टेकलेली, पण उंबऱ्याच्या अलीकडे. मी म्हटलं, कांबळेसाहेब, बाहेर सगळे तुमच्या नावानं बोलतायत, एक तर आत तरी जा नाहीतर आमच्यात तरी या. इथं मधे कशाला?

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आत बघतच म्हणाले, “माझ्या बापाच्या घरजाग्याचं भांडण गावच्या चावडीत चाललंतं मॅडम. बापाला आत घेतलं न्हाई. उंबऱ्याभाईर हुबं ऱ्हाऊन निकाल ऐकला त्येनं, आन् वाऱ्यानं निम्मा ऐकू आला न्हाई. निम्म्या निकालावर जागा सोडून आला त्यो.” मग म्हणाले, “मी माझ्या मर्जीनं भाईर हाय. पर माझा पक्षकार आत पायजे. आन् मला सगळं ऐकू आलं पायजे.”

फाटकाकडे परत जायचं माझ्याच्यानं झालं नाही. मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले.

साहेब नवे होते, लांबच्या जिल्ह्यातून नुकतेच बदलून आलेले. पुकारे सुरू झाले. पहिल्या प्रकरणात कुणी उठलं नाही. साहेबांनी वर बघितलं, वाट बघितली आणि शांतपणे सांगितलं की मुदतवाढ मागायला कुणी हजर नाही, स्थगिती संपली. पुढचं प्रकरण, तेच. साहेब रागावलेले नव्हते. त्यांना आमचा रिवाज ठाऊकच नव्हता, आणि तो त्यांना सांगायला आत जाणार कोण, कारण आत न जाणं हाच तर रिवाज. शिपाई एकदा दाराशी येऊन कांबळ्यांकडे बघून गेला. कांबळे हलले नाहीत. फक्त पाठीमागचे हात एकमेकांत घट्ट झाले होते.

अंजनाबाईचा पुकारा झाला. ती उठली. साहेबांनी विचारलं की तुमचे वकील कुठं आहेत. तालमीतलं सगळं ती विसरली, हे मला तिच्या मानेवरून कळलं. तिनं वळून सरळ दाराकडे बोट केलं.

“त्ये बगा, उंबऱ्याभाईर हुबं हाईत. आत यीत न्हाईत आन् जात बी न्हाईत.”

कांबळे पटकन दाराच्या चौकटीआड झाले. आत कुणीतरी हसलं. मग तिचा आवाज आला, आता नीट, लिंबाखालच्यासारखा. त्यांचं त्यांच्यात काय चाललंय त्ये चालू द्या सायेब, माझं घर माझ्यासंगं हाय. माझी स्थगिती हाय, ती पुढच्या तारखेपत्तर चालू ठेवा. साहेबांनी कागद उलटले. दिराच्या बाजूनं कोण, असं विचारलं. कुणी नव्हतं. माने फाटकाशी घोषणा देत होते, त्यांचा आवाज आतपर्यंत येत होता. साहेबांनी स्थगिती वाढवली.

दुपारी बाररूममध्ये बातमी पोचली तेव्हा जी धांदल उडाली ती विचारू नका. ज्यांच्या ज्यांच्या स्थगित्या त्या कोर्टात गेल्या त्यांत मान्यांचंही एक प्रकरण होतं. पुढे बऱ्याच खटपटीनं ती सगळी दुरुस्त झाली, साहेबांनीही समजून घेतलं, कुणाचं कायमचं नुकसान झालं नाही. पण त्या दिवशी ते कुणाला माहीत होतं? त्या दिवशी एवढंच दिसत होतं की सगळ्यांच्या स्थगित्या गेल्या आणि एकट्या कांबळ्यांची राहिली. आता याचा अर्थ काय लावणार? आमच्या बारनं तो लावला. कांबळ्यांना आधीच माहीत होतं. मुंबईहून कळलं असणार. नवे साहेब कुणी पाठवले, कशासाठी पाठवले, आंदोलन मोडायला पाठवले, आणि आपल्यातल्या एकाला ते आधी सांगितलेलं होतं. वकिलांची डोकी, एकदा साखळी जुळवायला घेतली की कडी कमी पडत नाही. आणि दुपारच्या त्या गलक्यात मलाही क्षणभर वाटून गेलं की या माणसाला एवढं नेमकं कसं सुचलं असेल.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. मान्यांनी उभं राहून सगळ्यांसमोर विचारलं, “कांबळेसाहेब, असं होणार हे तुम्हाला आधी कसं कळलं?”

कांबळे म्हणाले, “मला काईच कळलं न्हवतं. म्हणून तर तयारी केलीती.”

यावर कुणाचा विश्वास बसला नाही. एकानं विचारलं की मग तुम्ही फीत का लावत नाही. तेव्हा ते उठले. मी त्यांना बैठकीत एवढं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी आठवण करून दिली की मागे गारगोटीची माणसं याच बाररूममध्ये येऊन गेली होती. अपिलाचं कोर्ट महिन्यातून काही दिवस तरी गारगोटीला बसावं, आमच्या म्हाताऱ्या माणसांना कोल्हापूरपर्यंत यायला लावू नका, त्याला तुमचा पाठिंबा द्या, असं म्हणत होती. तेव्हा आपण काय उत्तर दिलं? तिथं ग्रंथालय नाही. तिथं ज्येष्ठ वकील नाहीत. कामाची गुणवत्ता राहणार नाही. कांबळे म्हणाले की नेमकं हेच मुंबईचे वकील कोल्हापूरबद्दल म्हणतात, मी स्वतः तिथल्या व्हरांड्यात उभं राहून ऐकलंय. न्याय लोकांच्या दारात पाहिजे असं आपण म्हणतो, पण ते दार आपलंच असलं पाहिजे. ही मेख त्या फितीत आहे, ती कुणीतरी काढा, मी दुसऱ्या दिवशी फीत लावतो.

मग मान्यांनी जरा दुखावल्या आवाजात विचारलं, “तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे हो?”

“अंजनाबाईच्या,” कांबळे म्हणाले आणि खाली बसले.

गारगोटीबद्दल त्या दिवशी काही ठरलं नाही, नंतरही बरेच दिवस नाही. कांबळ्यांना मात्र लोकांनी वाळीत टाकल्यासारखं केलं. त्यांच्या टेबलाशी कुणी थांबेना, चहाला कुणी हाक मारेना. मला त्याचा राग येई आणि मी तो बोलूनही दाखवत असे, पण कांबळे खुशीत. आता चहात काय घातलंय ते बगाय नको, म्हणायचे. पुढे त्यांनी कोल्हापुरातलं काम हळूहळू कमी केलं आणि गारगोटीला बसायला लागले. तिथंही खुर्ची भिंतीलाच असे, असं ऐकलं. काही वर्षांनी ते गेल्याची बातमी मला तिथल्याच एका वकिलाकडून कळली, आणि तो म्हणाला की शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी गोळी दिली तर आधी तिचं नाव तिघांना विचारून घेत.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते अंजनाबाईच्या निकालाच्या दिवशी.

निकालही नेमका अलिप्ततेच्या दिवशीच आला. नवं शतक लागून गेलेलं, खंडपीठ अजून मागणीतच होतं, आणि माझ्या कोटाला फीत होती. मी त्यांच्या शेजारी उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिले. त्यांनी मला मॅडम तुमी कशाला, असंही विचारलं नाही, नुसते जरा सरकले. आत अंजनाबाई हात जोडून उभी. साहेबांनी वाचून दाखवलं आणि मग तिला कळावं म्हणून साध्या मराठीत सांगितलं की बाई, तुमचं अपील मान्य झालं, गारगोटीचा हुकूम रद्द, घर तुमच्याकडेच राहणार.

दुसरं कुणी असतं तर पाया पडून निघालं असतं. ती जागची हलली नाही.

“सायेब, यात मेख कुठं हाय?”

मला वाटलं आता कांबळे चौकटीआड होणार. पण ते उलट पुढे झुकले. साहेब थोडे चमकले. मग प्रामाणिकपणे म्हणाले की मेख अशी नाही, पण तुमच्या दिराला मुंबईला अपील करता येतं, कायद्यानं त्याला तो हक्क आहे. तिनं मान हलवली आणि बाहेर आली. डोळ्यांत पाणी होतं की काय ते मला नीट दिसलं नाही, कारण माझेच भरून आले होते. कांबळ्यांपाशी येऊन ती तक्रार केल्यासारखं म्हणाली, “मेख मुंबईत हाय म्हणं.”

“व्हय,” कांबळे म्हणाले. “तितंच असती ती.”

तिनं माझ्या कोटाकडे बघितलं आणि ही तांबडी चिंधी कशासाठी लावता म्हणून विचारलं. मी सांगितलं, ते मुंबईचं कोर्ट इथं कोल्हापुरात यावं म्हणून. तिनं क्षणभर विचार केला आणि हात पुढे केला. मग मला बी द्या की एक. मी माझी काढून दिली. तिनं ती पदराला टाचणीनं लावली, नीट, दोनदा चाचपून. कांबळे हे सगळं संशयानं बघत होते. ती त्यांना म्हणाली, तुमी बी लावा की वकीलसायेब. ते म्हणाले, गारगोटीचं ठरू दे आधी. तिनं काही आग्रह केला नाही.

गारगोटीची एस.टी. धरायला दोघं निघाले, मी फाटकापर्यंत मागोमाग गेले. माने फाटकाशी उभे होते. आपल्याच अशिलाला हरवणारी बाई आपलीच फीत लावून समोरून येताना बघून त्यांचं तोंड जरा उघडं राहिलं आणि त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. फाटकाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्याची सावली होती, तिथं ती थांबली. पिशवीतून तिनं घरून आणलेली पाण्याची बाटली काढली, टोपण उघडलं आणि कांबळ्यांपुढे धरली. इतकी वर्षं तिला पाणी देऊन तिच्या तोंडाकडे बघणारा तो माणूस. त्यांनी बाटली घेतली, चष्मा कपाळावर ढकलला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही, आणि तोंडाला लावून घटाघटा अर्धी संपवली.

मग तोंड पुसता पुसता त्यांनी मागे वळून आमच्याकडे निरखून बघितलं, कोण बघतंय का ते. मी नजर वळवली नाही.